भुजंगरावांनी टँकर नाकारला

माणसाची थोरवी तो काय मिळवतो यावरून कळत नाही, काय नाकारतो यावरून कळते. हे वाक्य भुजंगराव सरांचं स्वतःचं. तहसील कचेरीत भरलेल्या पाणीटंचाईच्या बैठकीत उभं राहून, चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी ते उच्चारलं आणि शिक्षक कॉलनीच्या वतीनं सरकारचा टँकर नाकारला. त्यानंतर पुरता आठवडाही गेला नसेल, तेच भुजंगराव सर भल्या पहाटे सायकलच्या कॅरियरला दोन घागरी बांधून, त्यांवर सोलापुरी चादर पांघरून, गावातल्या आडाकडे निघालेले दिसले. चादर थंडीसाठी नव्हती. एप्रिल चालू होता.

कवळेवाडी उदगीरहून देवणीकडे जाताना लागते; डुलकी लागली असेल तर लागत नाही. लातूर जिल्हा नवा झाला त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. जुन्या जिल्ह्यात कवळेवाडी शेपटाला होती. नव्या जिल्ह्यातही ती शेपटालाच होती, पण जिल्हा नवा होता, त्यामुळे शेपटालासुद्धा एक प्रकारची ऐट आली होती. शाळेवरची, सोसायटीवरची, दवाखान्यावरची पाटी रंगवून झाली होती. पाटी नवी आणि पाऊस मात्र दोन वर्षं बेपत्ता, अशी एकूण परिस्थिती.

गावाबाहेर शिक्षक कॉलनी. नाव शिक्षक कॉलनी असलं तरी तिथं पोस्टमास्तर होते, कंपाउंडर होते, तहसीलमधून निवृत्त झालेले शेषेरावकाका होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पंचशीलाताई होत्या. अस्सल हायस्कूलचे शिक्षक म्हणावेत असे एकटे भुजंगराव सर. विज्ञान शिकवायचे. त्यामुळे कॉलनीचं चिटणीसपद आणि कॉलनीच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे आपोआप चालत आल्या होत्या. विहीर मोठी नामी. आजूबाजूची शेतं करपली, पण हिच्या तळाचा झरा काही आटला नव्हता. या झऱ्यात भुजंगरावांचं कर्तृत्व किती, असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी नम्रपणे विषय बदलला असता.

बैठकीत त्या दिवशी प्रत्येक गाव टँकर मागत होतं. एकाला दोन पाहिजेत, दुसऱ्याला तीन. आरडाओरडा इतका की नायब तहसीलदार साहेबांना स्वतःचा चहा ओरडून मागवावा लागला. अशात भुजंगराव उठले आणि आपलं ते वाक्य बोलले.

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे टँकर पाहिजे का नको? नीट सांगा."

"नको. आमच्या विहिरीला पाणी आहे, मोटार आहे. आमच्या वाटणीचं पाणी ज्यांना खरी गरज आहे त्यांना द्या."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शेजारच्या गावच्या लोकांनी वाजवल्या, कारण त्यांचा एक टँकर जागच्या जागी वाढला होता. साहेब तर इतके हरखले की म्हणाले, "मी स्वतः एक मेच्या आत तुमची विहीर बघायला येतो. नव्या जिल्ह्याला असा एक आदर्श पाहिजेच आहे."

भुजंगराव घरी आले ते जमिनीवर पाय न टेकता. सुमनबाईंनी विचारलं, "झाली का बैठक? काय मिळालं?"

"टाळ्या," भुजंगराव म्हणाले.

"बरं झालं. त्या रांजणात ओता, झाकण ठेवते."

पंचशीलाताईंनी दुसऱ्या दिवशी कुंपणावरून एवढंच विचारलं, "सर, टँकर नाकारताना कॉलनीला विचारलं होतं का हो? माझी सासू आपली विचारून राहिली, म्हणून म्हटलं."

"ताई, तत्त्वाच्या गोष्टी विचारून करायच्या नसतात," भुजंगराव म्हणाले.

आणि बरोबर तेव्हापासूनच मोटारीनं पाणी ओढणं कमी केलं.

पूर्वी बटण दाबलं की हौदात धार अशी कोसळायची, की खाली अंघोळीला बसलेल्या शेषेरावकाकांना एका हातानं लुंगी धरून ठेवावी लागे. आता करंगळीएवढी धार यायची, तीही विचार करत करत. मोटारीचा आवाज तोच. थरथर तीच. विहिरीत वाकून बघावं तर पाणी जिथल्या तिथं. फक्त ते वर यायला तयार नव्हतं. आजूबाजूच्या विहिरींवरही म्हणे पाणी कमी झालं होतं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. त्या साली कशालाही दुष्काळच कारण होता. दूध पातळ लागलं, दुष्काळ. जावई आला नाही, दुष्काळ. मोटार पाणी देईना, तर तोही दुष्काळच. विहिरीत पाणी दिसतंय आणि तरी वर येत नाही, म्हणजे दोष यंत्रात आहे, एवढा विचार करणारा माणूस त्या शिवारात एकच होता, आणि तो टँकर नाकारून बसला होता.

आता प्रश्न पाण्याचा राहिला नव्हता. पाणी काय, आडावरूनही आणता आलं असतं. भुजंगराव आणतच होते. वाटेत विद्यार्थी भेटत. "सर, घागरी?" "प्रयोगासाठी," भुजंगराव म्हणत आणि पायडल जोरात मारत. प्रश्न होता तो एक मेचा. साहेब येणार, बटण दाबणार आणि त्या करंगळीएवढ्या धारेकडे बघून म्हणणार, "हाच का तुमचा आदर्श?" मग कॉलनीच्या फाटकात टँकर उभा राहणार, आणि टाळ्या वाजवलेलं अख्खं शिवार तो बघायला येणार. या विचारानं भुजंगरावांचा घास घशातच अडकायचा. गिळायला पाणी मोजकंच होतं.

कॉलनीनं सल्ले दिले. कॉलनीत पाण्याची टंचाई होती, सल्ल्याची कधीच नव्हती.

"फुटबॉल गेला," शेषेरावकाका म्हणाले. पाइपाच्या विहिरीतल्या टोकाला जी झडप असते तिला इंग्रजीत जे काय म्हणत असतील ते म्हणोत. आमच्या मुलखात ती फुटबॉल आहे आणि फुटबॉलच राहील. "आमच्या टायमाला जुन्या जिल्ह्यात एका कलेक्टराच्या बंगल्यावर असंच झालं होतं. फुटबॉल काढला, तर आत बेडूक."

फुटबॉल काढायचं ठरलं. सगळ्या कॉलनीतले पुरुष धरून पाइप वर ओढायचा, असं भुजंगरावांनी फळ्यावर आकृती काढून समजावून दिलं. आकृतीत सगळे सारख्या जोरानं ओढत होते. प्रत्यक्षात कंपाउंडरांना शिंक आली, पोस्टमास्तरांनी हात सोडला, पाइप सर्रकन खाली गेला आणि त्याच्या धक्क्यानं भुजंगरावांचा चष्मा विहिरीत पडला. दुसऱ्या खेपेला फुटबॉल वर आला. आत बेडूक नव्हता. काहीच नव्हतं. झडप स्वच्छ, नव्या नवरीसारखी. शेषेरावकाका म्हणाले, "मग बेडूक निघून गेला असेल." चष्मा नव्हता म्हणून भुजंगरावांना त्यांच्याकडे रागानं बघता आलं नाही, त्यांनी रागानं बघितलं ते पोस्टमास्तरांकडे निघालं.

मग वीज कचेरी. व्होल्टेज कमी असणार, असा भुजंगरावांचा दुसरा सिद्धांत. जुना चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून ते सायकलवर कचेरीत गेले. टेबलामागच्या कारकुनानं गावाचं नाव विचारलं आणि खेदानं मान हलवली.

"कवळेवाडीचे कागद अजून जुन्या जिल्ह्यातून यायचेत. कागद आल्याबिगर तुमची तक्रार धरता येत न्हाई."

"पण बिल तर येतं की दर महिन्याला!"

"बिलाचं वेगळं असतंय, सर. बिल आधी येतंय, जिल्हा मागून येतोय."

बाहेर लाईनमन रेवणसिद्ध खांद्यावर दोरी घेऊन बिडी ओढत होता. तो मात्र दिलाशानं बोलला. "तुमच्या लाईनीला काय धाड भरलीय, सर? एकदम नवी हाय. आदी तुमची लाईन तिकडच्या सबस्टेशनवरून यायची. आता नवा जिल्हा, नवं सबस्टेशन. गेल्या हप्त्यातच मी सोता जोडलोय, ह्या हातानं."

"वा!" भुजंगराव म्हणाले. नव्या जिल्ह्याची वीज आपल्या मोटारीत येते याचा त्यांना अभिमानच वाटला. ती गेल्या हप्त्यातच यायला लागली, यावर थांबून विचार करावा असं त्यांना वाटलं नाही. अभिमानाच्या भरात माणूस थांबत नाही.

तिसरा सिद्धांत: मोटार जळाली. हा सिद्धांत मोटार भरून देणाऱ्या दुकानदाराचा होता. त्याच्या दुकानात आलेली कोणतीही मोटार जळालेलीच असे. मोटार सोडवताना भुजंगरावांनी आपल्या शास्त्रीय शिस्तीचं जे दर्शन घडवलं ते कॉलनीनं पहिल्यांदाच पाहिलं. कोणती वायर कुठली हे चुकू नये म्हणून त्यांनी सुमनबाईंच्या शिवणाच्या डब्यातले लाल, पिवळे आणि निळे दोरे घेऊन प्रत्येक वायरीला बांधले. मोटार तांब्याच्या नव्या तारा भरून परत आली, तेव्हा लालला लाल, पिवळ्याला पिवळा, निळ्याला निळा असं काटेकोर जोडून दिलं. एखाद्या अडाण्यानं त्या वायरी कशाही खुपसल्या असत्या, तर ही कथा कदाचित इथंच संपली असती. पण भुजंगराव अडाणी नव्हते. मोटारीचा दोष त्यांनी जशाच्या तसा, अगदी जतन करून, परत जागेवर बसवला.

बटण दाबलं. करंगळी.

सुमनबाई तेवढ्यात कडेवर घागर घेऊन आडावरून येत होत्या. त्या थांबल्या, धारेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "मोटार भरून आणली म्हणालात ना? मग पाणी भरायचं राहिलं वाटतं."

त्या दुपारी भुजंगराव पेटले. आता मोटार करणाऱ्या कंपनीलाच एक असं खरमरीत पत्र लिहायचं, की कंपनीच्या मालकानं जेवण सोडलं पाहिजे. पण कंपनीचं नाव तरी कळावं! मोटारीवर नाव होतं, नंबर होता, सगळं होतं. फक्त ते कुणाला दिसत नव्हतं. कारण दर खंडेनवमीला शेषेरावकाका मोटारीची पूजा करत. पूजेआधी तिला कचेरीतून उरलेल्या हिरव्या रंगाचा हात देत, मग वरून शेंदूर, हळद, कुंकू. अनेक खंडेनवम्या अशा एकावर एक चढल्यामुळे मोटार आता यंत्र कमी आणि माळावरचं दैवत जास्त दिसत होती. वाटेनं जाणाऱ्या काही बाया तिला हात जोडूनही जात.

भुजंगरावांनी स्वयंपाकघरातलं उलथणं आणलं आणि दैवत खरवडायला घेतलं.

"पाप लागेल, सर!" शेषेरावकाका ओरडले.

"लागू द्या. नंबर तरी लागेल."

आधी कंपनीचं नाव निघालं. मग नंबर निघाला. आणि मग, पंपाच्या गोल पोटावर, लोखंडातच ओतलेला एक बाण निघाला. मोटारीनं कोणत्या बाजूला फिरावं हे सांगणारा बाण. भुजंगरावांनी बाणाकडे बघितलं. बटण दाबलं. मागच्या जाळीतून पंख्याकडे बघितलं. बटण बंद केलं. पंखा हळूहळू थांबेपर्यंत ते बघत राहिले. बाण इकडं आणि मोटार तिकडं.

मोटार उलटी फिरत होती.

भुजंगराव मातीत बसले. आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात रांगेत येऊन उभी राहिली. नवा जिल्हा. नवं सबस्टेशन. नवी जोडणी. तीन तारांतल्या दोन इकडच्या तिकडं झाल्या की तीन फेजची मोटार उलटी फिरते, हे ते दर वर्षी दहावीच्या मुलांना तोंडपाठ करायला लावत. मुलांना ते पाठ होत नसे. सरांनाही ते केवळ पाठच होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि सुमनबाईंना तर नाहीच नाही.

त्यांनी मेन स्विच पाडला, स्टार्टर उघडला, पिवळा आणि निळा दोरा असलेल्या वायरींची अदलाबदल केली. मग उभे राहिले, धोतराची माती झटकली आणि मोठ्यानं म्हणाले, "सगळ्यांनी हौदापासून लांब व्हावं."

कुणी झालं नाही. बटण दाबलं, आणि धार अशी सुटली की शेषेरावकाका हौदाच्या कठड्यावरून आत गेले. लुंगी आधी गेली का काका आधी गेले, यावर कॉलनीत अजून एकमत नाही. पंचशीलाताईंची सासू खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. पंचशीलाताई स्वतः म्हणाल्या, "सर, मानलं बाबा तुम्हाला." सुमनबाईंनी आडाच्या घागरी उपड्या घातल्या. आणि त्या दिवशी भुजंगरावांच्या ताटात तूप होतं.

यानंतरचे काही दिवस भुजंगराव सरांच्या आयुष्यातले सोन्याचे. बातमी शिवारभर गेली. त्यांच्याच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी उलट्या फिरत होत्या. भुजंगराव सायकलवर निघत, खिशात एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर. विहिरीवर जाऊन आधी बाणावर बोट ठेवत, मग जमलेल्या लोकांना फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर थोडं बोलत, मग दोन वायरी बदलत. धार कोसळली की टोपी सारखी करत. प्रत्येक विहिरीवर चहा. एका ठिकाणी तर टॉवेल-टोपी. "लई डोस्कं चालतंय बगा मास्तराचं," असं लोक त्यांना ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हणत.

फक्त एक माणूस राहिला. कॉलनीच्या कुंपणाला लागूनच बांध, आणि बांधापलीकडे मलप्पाचं शेत. त्याची विहीर, त्याची मोटार, आणि बाभळीखाली त्याची बाज. भुजंगराव गेले तेव्हा तो बाजेवर आडवा होता.

"मलप्पा, ऊठ. तुझी मोटार उलटी फिरतेय."

"फिरू द्या की, सर. तिला कुटं जायाचं हाय?"

"अरे, पाणी दुप्पट-तिप्पट येईल!"

"आन् ते लावू कशाला? वावरात हाय काय, माज्याबिगर?" मलप्पा कुशीवर वळला. "येलालंय तेवढं येऊ द्या. तुमी त्या मोटारीला हात लावू नगा मात्र. आबाच्या हातची हाय."

भुजंगराव बांध ओलांडून परत आले. "या देशाचं असं आहे," एवढंच ते शेषेरावकाकांना म्हणाले.

इथं थांबायला हरकत नव्हती. पाणी येत होतं, मान मिळत होता, एक मे जवळ आला होता. पण एवढा मोठा शोध कुठंच नोंदला जाऊ नये, हे भुजंगरावांना बरं वाटेना. त्यांनी वीज कचेरीला अर्ज लिहायला घेतला.

"झालं ना काम?" सुमनबाई म्हणाल्या. "आता अर्ज कशाला?"

"चूक कुणाची होती ते त्यांना कळायला नको?"

"त्यांना कळून आपल्या घागरी भरणार आहेत का?"

पंचशीलाताईंनीही कुंपणावरून टोकलं, "सर, सरकारला जागं करू नका. झोपलंय तोवर बरंय."

भुजंगरावांनी अर्ज केला. नुसता नाही, सोबत तीन रंगांची आकृती, खाली सही, सहीखाली पदवी. कारकून पुन्हा कागद यायचेत म्हणून सांगायला लागला, तोच आतल्या खोलीतून नवा अभियंता बाहेर आला. पोरसवदा, नुकताच रुजू झालेला, नव्या जिल्ह्याइतकाच उत्साही. त्यानं आकृती बघितली आणि म्हणाला, "सर, इथं येणारा प्रत्येक जण नुसता ओरडतो. कारण लिहून आणणारे तुम्ही पहिलेच. एक मेच्या आत सगळ्या तक्रारी निकालात काढायच्या, असा आमचा संकल्पच आहे."

भुजंगरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सरकारी कचेरीचा संकल्प म्हणजे काय असतो, हे एवढी वर्षं बघितलेल्या माणसानं निर्धास्त राहायला हवं होतं आणि ते निर्धास्तच राहिले.

नायब साहेबांची जीप आली ती महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी. हौदाला चुना दिला होता, तो वाळावा म्हणून सकाळपासून मोटार बंद होती. मोटारीला हार. पंचशीलाताईंच्या सासूला पुढची खुर्ची. हायस्कूलचे हेडमास्तर, शेजारच्या गावचे सरपंच, टाळ्या वाजवलेले आणि न वाजवलेले असे सगळे जमले होते. शेषेरावकाका सावधगिरी म्हणून पँट घालून आले होते. भुजंगरावांनी भाषण केलं. टँकर हा गुलामीचा नवा प्रकार आहे, इथून सुरुवात करून ते फिरत्या चुंबकीय क्षेत्रापर्यंत आले, तोवर साहेबांचा रुमाल भिजला होता.

"सर, पाणी दाखवा," साहेब म्हणाले.

भुजंगरावांनी बटण दाबलं.

करंगळी.

सगळे त्या धारेकडे बघत राहिले. ती विचार करत करत हौदात पडत होती. आणि त्या शांततेत बांधापलीकडून आवाज ऐकू यायला लागला. धबधब्यासारखा, जोरकस, थांबायचं नाव नाही असा.

"ते कुणाचं पाणी?" साहेबांनी विचारलं.

मलप्पा बांधावर येऊन उभा राहिला, गुडघ्यापर्यंत चिखल. "राम राम, सायेब. काय झालंय ठाव न्हाई. सकाळधरनं मोटारीत वारं शिरल्यावानी येलालंय पाणी. समदी बाभूळ भिजली. माजी बाज वाहून चाललीया."

भुजंगरावांचा हात अजून बटणावरच होता. फाटकातून रेवणसिद्ध सायकल दामटत आत आला, घामानं थबथबलेला आणि आनंदानं फुललेला. "सर! तुमचा अर्ज निकाली निगाला! नव्या इंजनेर सायबानं सोता उभा राहून पहाटेच डीपीवरच्या तारा बदलून घेतल्या. आता ह्या शिवारातल्या समद्या मोटारी सरळ!"

"समद्या," पंचशीलाताई हळूच म्हणाल्या.

भुजंगराव सावरले. हे मान्य केलं पाहिजे की ते फार लवकर सावरले. "साहेब, पाचच मिनिटं. तांत्रिक बाब आहे. फक्त दोन वायरी..." त्यांनी खिशातून पाना काढला, मेन स्विच पाडला, पिवळी आणि निळी पुन्हा आपापल्या जागी नेली, स्विच वर केला आणि बटण दाबलं. मोटार हूं की चूं करेना. दुष्काळातल्या विजेची वेळ संपली होती. लाईट गेली होती.

साहेब काही वाईट बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. त्यांनी भुजंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तत्त्वापायी लेकराबाळांना तहानेलं ठेवू नये. दोन-तीन दिवसांत टँकर चालू करतो." मग ते मलप्पाकडे वळले. "आणि तुमची विहीर टँकर भरायला सरकार ताब्यात घेतंय."

"घ्या," मलप्पा म्हणाला. "तेवढी बाज वाचवा."

संध्याकाळी लाईट आली. भुजंगरावांनी बटण दाबलं आणि धार हौदाबाहेर उडाली. बघायला फक्त शेषेरावकाका होते, तेही लांबून. दुसऱ्या दिवशी भुजंगराव पुन्हा शिवारात निघाले, कारण त्यांनी सरळ केलेल्या सगळ्या मोटारी आता उलट्या फिरत होत्या. बाणावर बोट ठेवण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. चुंबकीय क्षेत्रावरही बोलले नाहीत. चहाही कुणी दिला नाही. एका विहिरीवर धोंडाबाई नावाची म्हातारी कडब्यावर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "मास्तर, मागल्या बारीला पन तुमीच केलतं न्हवं? मग आता तरी जरा टिकाऊ करा."

महाराष्ट्र दिनाची सुट्टी संपल्यावर तहसील कचेरीत जाऊन टँकर परत नाकारायचा प्रयत्न त्यांनी केला. कारकुनानं शांतपणे सांगितलं की टँकर नाकारायला बैठक लागते, आणि पुढची बैठक पावसाळ्यानंतर आहे.

"पण आमची मोटार चालू आहे हो! विहीर भरलेली आहे!"

"मग चांगलंच हाय की, सर. पाण्यात पाणी."

सुमनबाईंनी त्या दिवशी ताट वाढलं. तूप नव्हतं, पण त्या समोर बसून राहिल्या. "तुम्ही नसता तर कुणाला कळलंच नसतं, मोटार उलटी फिरतीय म्हणून," त्या म्हणाल्या. "मला तरी कळलं नसतं." भुजंगरावांनी मान वर केली. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली, आणि सकाळी कॉलनीच्या फाटकात टँकर आला तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून, छाती काढून विहिरीवर उभे होते. ड्रायव्हरला हात करून "घ्या, अजून मागं घ्या, बास" असं ते इतक्या अधिकारानं सांगत होते, की बघणाऱ्याला वाटावं हा टँकर त्यांनीच मंजूर करून आणलाय.

टँकर मलप्पाच्या विहिरीवर भरायचा, गावाला वळसा घालून कॉलनीत यायचा आणि भुजंगरावांच्या विहिरीत रिकामा व्हायचा. दोन्ही विहिरींच्या मधे एक बांध होता आणि दोन्हींचा झरा एकच होता.